मुलगी ‘रश’ करणार म्हणते, म्हणजे नेमकं काय करणार?

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलीचं हायस्कूल संपतं, अलाबामा, टेक्सस किंवा इंडियानासारख्या एखाद्या मोठ्या विद्यापीठात प्रवेश पक्का होतो, आणि जून-जुलैच्या सुमारास ती जेवताना सांगून टाकते, “मी आठवडाभर आधीच जाणार आहे. मला रश करायचंय.” आईबाबा एकमेकांकडे बघतात, कारण दोघांनाही यातलं काही ठाऊक नसतं. त्यात नवल काही नाही. आपली बहुतेक माणसं पुण्यात, मुंबईत, नागपुरात इंजिनिअरिंग करून इथे एम.एस.ला आली. त्यांनी पाहिलेला कॅम्पस म्हणजे लॅब, लायब्ररी आणि चौघांनी मिळून भाड्याने घेतलेलं अपार्टमेंट. अठराव्या वर्षी तिथे पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींचं जग त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

मग अंदाज बांधले जातात. सिनेमात पाहिलेल्या पार्ट्या आठवतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये अलाबामाच्या मुलींचे व्हिडिओ टिकटॉकवर तुफान चालले. आज काय घातलंय, कानातलं कुठल्या दुकानातलं, हे रोज सकाळी सांगणारे. तेव्हापासून दरवर्षी ते येतात आणि तेही मुलीने दाखवलेले असतात. आईला काळजी वाटते, मुलीला हौस असते, आणि मुद्द्याची गोष्ट दोघींच्याही नजरेतून निसटते: रश ही सोरोरिटी नावाच्या मुलींच्या संघटनांत नव्या सदस्या घेण्याची निवडप्रक्रिया आहे. तिला लेखी नियम आहेत, वेळापत्रक आहे आणि तिच्या पोटात एक हिशेब आहे. तो हिशेब ठाऊक नसला की नकार आलेल्या मुलीला वाटतं, हा माझ्या रूपावर, रंगावर, स्वभावावर दिलेला निकाल आहे. बहुतेक वेळा तो तसा नसतो. हे घरात आधी बोललं गेलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आधी सोरोरिटी म्हणजे काय

सोरोरिटी ही विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलींची संघटना. नाव बहुधा दोन-तीन ग्रीक अक्षरांचं असतं: कापा कापा गामा, डेल्टा डेल्टा डेल्टा, झीटा टाउ अल्फा. मुलांच्या अशाच संघटना म्हणजे फ्रॅटर्निटी, आणि या सगळ्या विश्वाला मिळून ‘ग्रीक लाइफ’ म्हणतात. ग्रीस देशाशी नातं अक्षरांपुरतंच. १७७६मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कापा नावाचं विद्यार्थ्यांचं मंडळ निघालं, तिथून ही प्रथा पडली.

एका सोरोरिटीच्या देशभर शाखा असतात. शाखेला चॅप्टर म्हणतात. मोठ्या कॅम्पसवर चॅप्टरचं स्वतःचं घर असतं, ज्याला सगळे नुसतं ‘हाउस’ म्हणतात. काही सदस्या तिथे राहतात, बाकीच्या जेवायला, अभ्यासाला आणि आठवड्याच्या सभेला येतात. प्रत्येक सोरोरिटीचं एक ठरलेलं समाजकार्य असतं. डेल्टा डेल्टा डेल्टा मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयासाठी निधी जमवते, झीटा टाउ अल्फा स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृती करते, कापा डेल्टा मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी काम करते. चॅप्टरच्या वर राष्ट्रीय मुख्यालय असतं. नियम, फी, विमा, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं तिथून होतं. शिवाय पदवी घेऊन बाहेर पडलेल्या सदस्यांचं मोठं जाळं असतं. हे सदस्यत्व चार वर्षांनी संपत नाही, ते आयुष्यभराचं मानलं जातं. पन्नाशीतली एखादी वकील आपल्याच सोरोरिटीच्या, कधी न पाहिलेल्या मुलीला इंटर्नशिपसाठी आपणहून मदत करते ती या नात्याने.

या संघटना निघाल्या त्यामागे मुलींची खरी अडचण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कॉलेजांनी मुलींना दारं उघडली, पण वर्गात त्या मोजक्याच असत आणि मुलांची मंडळं त्यांना घेत नसत. जॉर्जियातल्या मेकन इथल्या मुलींच्या कॉलेजात १८५१मध्येच एक मंडळ निघालं होतं, ते पुढे अल्फा डेल्टा पाय झालं. मुलंमुली एकत्र शिकत असलेल्या इलिनॉयच्या मॉनमथ कॉलेजात १८६७मध्ये बारा मुलींनी आजच्या पाय बीटा फायची सुरुवात केली. इंडियानातल्या ॲस्बरी विद्यापीठातली (आजचं डीपॉ) बेटी लॉकची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. तिथल्या एका फ्रॅटर्निटीने तिला आपला बिल्ला मिरवायला दिला, पण सदस्यत्व द्यायला नकार दिला, असं सांगतात. नुसता बिल्ला मिरवणं तिने नाकारलं आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींना घेऊन कापा अल्फा थीटा स्थापन केली.

हा काळ आपल्याला दुसऱ्या बाजूने परिचयाचा आहे. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात वैद्यक शिकल्या, आणि १८८६मध्ये त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर राहिल्या. रमाबाईंनी पुढची अडीचेक वर्षं अमेरिकाभर फिरून तिथल्या बायका संस्था कशा काढतात, सभा कशा चालवतात, निधी कसा उभारतात याचं आस्थेने मराठीत वर्णन केलं. सोरोरिटी हे त्याच संघटनशक्तीचं कॉलेजातलं रूप होतं. तिची दुसरी बाजूही त्याच काळात तयार झाली: बाहेर ठेवलेल्या मुलींनी आपलं घर बांधलं, आणि मग त्या घराच्या दारातून आणखी कुणाला तरी बाहेर ठेवलं. त्याबद्दल पुढे सांगते.

तो ऑगस्टचा आठवडा

१९०२मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एनपीसीमध्ये, आज २६ सोरोरिटी आहेत. टिकटॉकवर दिसतो तो यांचा रश. अधिकृत नाव ‘प्रायमरी रिक्रूटमेंट’. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांत तो वर्ग सुरू होण्याच्या आधी, ऑगस्टमध्ये होतो. काही विद्यापीठं मुद्दाम जानेवारीपर्यंत थांबतात, म्हणजे मुलींचं एक सत्र अभ्यासात स्थिरावतं. मला विचाराल तर जानेवारीची पद्धत कितीतरी माणुसकीची आहे. घर सोडून चार दिवस झालेल्या मुलीला मैत्रिणी निवडायला लावू नये.

नोंदणी केलेल्या मुलीला ‘पीएनएम’ म्हणतात, होऊ घातलेली सदस्या अशा अर्थाने. दहा-पंधरा जणींच्या गटाला एक वरच्या वर्गातली मुलगी सांभाळते. तिला कुठे ‘पाय काय’ तर कुठे ‘रो गामा’ म्हणतात. ती स्वतः कुठल्या तरी सोरोरिटीची असते, पण बऱ्याच ठिकाणी त्या काळापुरतं तिने आपलं हाउस सोडलेलं असतं आणि ते कुठलं हे ती सांगत नाही, म्हणजे तिचा सल्ला कुणाच्या बाजूने झुकत नाही. मुलीला रडू आलं तर फोन करायची पहिली व्यक्ती हीच.

पहिल्या फेरीत, ओपन हाउसमध्ये, सगळ्या हाउसेसना भेट द्यायची. दारात टाळ्या आणि गाणी, मग आत वीस-तीस मिनिटं. एक सदस्या बोलते, काही मिनिटांत दुसरी येऊन तिची जागा घेते, मग तिसरी. मुलगे, मद्य, धर्म, राजकारण आणि पैसा हे विषय काढायचे नाहीत असा संकेत असतो. त्यामुळे गप्पा गाव, शाळा, छंद, कुत्रा यांभोवती फिरतात. रात्री सदस्या आपापल्या पद्धतीने गुण किंवा मतं देतात, आणि मुलीही आपला पसंतीक्रम भरतात. सकाळी मुलीच्या हातात नवं वेळापत्रक पडतं: आज कुठकुठल्या हाउसने परत बोलावलंय. दुसरी फेरी समाजकार्याची, तिसरी बहुधा ‘सिस्टरहुड’ची, म्हणजे आपसातल्या मैत्रीची, आणि शेवटची प्रेफरन्सची. प्रत्येक फेरीत हाउसेस कमी होत जातात. बारापासून सुरुवात केली तर नऊ, सहा आणि शेवटी जास्तीत जास्त दोन. ‘प्रेफ’च्या दिवशी दिवे मंद असतात, आवाज हळू असतात, डोळ्यांत पाणी येईल असं बोलणं असतं. मुलीला आधी सांगून ठेवावं की हा कार्यक्रम असाच बसवलेला असतो. तिथलं प्रेम खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण त्याची तालीम झालेली असते.

प्रेफ संपल्या संपल्या, कुणाशीही न बोलता, मुलगी एका करारावर सही करते. त्याचं लांबलचक नाव एमआरएबीए असं आखूड केलेलं आहे, आणि या अख्ख्या आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. त्यात ती शेवटच्या हाउसेसना पहिलं-दुसरं असा क्रम देते. ज्या हाउसचं नाव तिने लिहिलं त्या हाउसकडून ‘बिड’, म्हणजे सदस्यत्वाचं निमंत्रण आलं आणि तिने ते नाकारलं, तर त्या कॅम्पसवरच्या दुसऱ्या कुठल्याही एनपीसी सोरोरिटीत तिला पुढच्या वर्षीच्या रिक्रूटमेंटपर्यंत जाता येत नाही. अठराव्या वर्षी केलेल्या पहिल्या करारांपैकी हा एक असतो, आणि तो दमलेल्या अवस्थेत, मंद दिव्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आल्या केला जातो. त्यातलं कलम घरी, जुलैमध्ये, शांतपणे वाचून घ्या.

दुसऱ्या दिवशी बिड डे. अलाबामात त्या दिवशी ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये मुली एकाच क्षणी पाकिटं उघडतात आणि आपापल्या हाउसकडे धावत सुटतात.

हिशेब

आता मूळ मुद्दा. प्रत्येक हाउसला नव्या मुली किती घ्यायच्या याची मर्यादा असते, तिला कोटा म्हणतात. समजा एका कॅम्पसवर १२ हाउसेस आहेत, १,००० मुलींनी सुरुवात केली आणि शेवटपर्यंत ७८० उरल्या. प्रत्येक हाउसचा कोटा झाला ६५.

पण ६५ मुली मिळवायच्या तर प्रेफला किती बोलवायच्या? हे त्या हाउसच्या मागच्या वर्षांच्या अनुभवावर ठरतं. सगळ्यांना हव्या असलेल्या हाउसला ठाऊक असतं की आपण बोलावलेल्या दहांपैकी आठ जणी आपल्यालाच पहिला क्रमांक देतात. त्यांना ८१-८२ मुली पुरतात. ज्या हाउसला तिघींपैकी एकच पहिला क्रमांक देते, त्यांना १९५ बोलवाव्या लागतात. हे आकडे हाउसने मनाने ठरवायचे नसतात. एनपीसीच्या ‘रिलीज फिगर’ पद्धतीत तज्ज्ञ व्यक्ती प्रत्येक हाउसला प्रत्येक फेरीत किती मुलींना परत बोलवायचं ते काढून देते.

याचा परिणाम बघा. लोकप्रिय हाउसला १,००० वरून तीन फेऱ्यांत ८२ वर यायचंय. म्हणजे पहिल्याच रात्री त्यांना पाचशेहून अधिक मुलींना नकार द्यावा लागतो. त्या पाचशे जणींशी कुणीतरी पाच-सात मिनिटं बोललेलं असतं. पाच-सात मिनिटांत माणसाची पारख होते का? होत नाही. मग ज्या गोष्टी आधीपासून हातात असतात त्यांच्यावर निवड होते: शाळेतले गुण, इन्स्टाग्राम, कुणाची ओळख, कुणाची आई इथलीच. पूर्वी सदस्यांच्या मुलींना आणि बहिणींना, ज्यांना ‘लेगसी’ म्हणतात, बऱ्याच सोरोरिटी पुढच्या फेरीत हमखास बोलवत. २०२० नंतर अनेकींनी तो नियम काढला, पण ओळखीचा फायदा नियम काढून संपत नाही. आपल्या मुलीची आई, मावशी, आजी यांतलं कुणी तिथे गेलेलं नसतं, तिच्या शाळेच्या सीनियर मुलीही बहुधा नसतात. पहिल्या रात्री तिचं नाव चर्चेत आलं तेव्हा “मी हिला ओळखते” म्हणणारं कुणी नव्हतं, इतकंच अनेकदा घडलेलं असतं.

अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाचा अर्ज भरलेल्या घरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल: पसंतीक्रम द्या, याद्या लागतील, फेऱ्या होतील. पण तिथे कट-ऑफ छापून येतो, नापसंतीचं कारण टक्क्यांत कळतं. इथे कुणी कारण सांगत नाही, आणि न सांगितलेलं कारण मुलगी स्वतःमध्ये शोधते. त्वचा, वजन, उच्चार, नाव. म्हणून तिला हा हिशेब आधी ठाऊक असावा.

हा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनाही खुणावून गेला. सुझन मोन्गेल आणि ॲल्विन रॉथ यांनी १९९१मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त सोरोरिटी रशवर शोधनिबंध लिहिला. दोन बाजूंनी एकमेकांना निवडायचं असेल तर जुळणी कशी होते, हा रॉथ यांचा अभ्यासाचा विषय. डॉक्टर आणि रुग्णालयं, विद्यार्थी आणि शाळा यांच्या जुळणीवर त्यांनी काम केलं आणि २०१२मध्ये लॉइड शॅप्ली यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. रशमध्ये त्यांना दिसलं की कितीतरी मुली शेवटच्या यादीत एकच नाव लिहीत होत्या. मिळालं तर हेच, नाहीतर काही नको. त्या वेळच्या पद्धतीत जुळणी पार पडत होती ती बऱ्याच अंशी मुलींच्या या वागण्यामुळे.

आज एकच नाव लिहावं का? आजच्या नियमांत जी मुलगी प्रत्येक फेरीत मिळालेली सगळी आमंत्रणं स्वीकारते आणि शेवटच्या यादीत सगळी नावं लिहिते, तिला जागा मिळण्याची शक्यता खूपच जास्त असते, कारण कोट्यात न बसलेल्या अशा मुलींना कोट्याबाहेर सामावून घेण्याची तरतूद आहे. एकच नाव लिहिणारी ते संरक्षण गमावते. माझं मत असं: दुसऱ्या हाउसमध्ये दोन-तीन तरी मुली आवडल्या असतील तर दोन्ही नावं लिहावीत. तिथे जायचंच नसेल तर लिहू नयेत, कारण मग तो वर्षभराचा करार गळ्यात पडतो. आणि कुठूनच बिड आली नाही तरी दार बंद होत नाही. ज्या हाउसेसमध्ये जागा उरतात ती नंतर गाजावाजा न करता, कॉफीवर दोन-चार भेटी घेऊन मुली घेतात. मला ती पद्धत जास्त आवडते. तिथे दोन माणसं खरोखर बोलतात.

रंगाचा प्रश्न

सगळा नकार हिशेबातून येतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. या संघटनांपैकी कितीतरी दीर्घकाळ गोऱ्या, ख्रिस्ती मुलींपुरत्या होत्या. ज्यांना घेतलं नाही त्यांनी आपापल्या काढल्या. ज्यू मुलींनी १९०९मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात अल्फा एप्सिलॉन फाय काढली, कॅथलिक मुलींनी १९१२मध्ये मिशिगन विद्यापीठात थीटा फाय अल्फा. कृष्णवर्णीय मुलींनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८मध्ये अल्फा कापा अल्फा, १९१३मध्ये डेल्टा सिग्मा थीटा आणि १९२०मध्ये झीटा फाय बीटा स्थापन केली. सिग्मा गामा रो १९२२मध्ये इंडियानापोलिसला निघाली. डेल्टा सिग्मा थीटाच्या मुलींचं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मताधिकाराच्या मोर्चात चालणं. कमला हॅरिस १९८६मध्ये हॉवर्डला असताना अल्फा कापा अल्फात गेल्या, आणि निवडणुकीत त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या गुलाबी-हिरव्या कपड्यांतल्या बायका याच संघटनेच्या.

अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना टिकणारा प्रवेश १९६३मध्ये मिळाला, तोही राज्याचा गव्हर्नर दारात आडवा उभा राहिल्यानंतर. तिथल्या पारंपरिक सोरोरिटींचं दार त्यानंतर ५० वर्षं जवळपास बंदच राहिलं. सप्टेंबर २०१३मध्ये ‘द क्रिमझन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने छापलं की उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला घ्यायला सदस्या तयार होत्या, पण माजी सदस्यांनी आडकाठी केली. कॅम्पसवर मोर्चा निघाला, विद्यापीठाने सोरोरिटींना पुन्हा निमंत्रणं द्यायला लावली, आणि काही कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश मिळाला. हे फार जुनं नाही. आपल्या मुलीला एखाद्या लोकप्रिय हाउसमधून वगळलं गेलं तर त्यात रंगाचा काहीच भाग नसेल, असं तिला सांगू नका. ती बावळट नसते. हिशेब आणि पूर्वग्रह हे दोन्ही तिथे असतात, आणि दोन्हींचं तिच्या लायकीशी देणंघेणं नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगा.

दुसरं दार

१९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या भारतीय कुटुंबांच्या मुली नव्वदच्या दशकात मोठ्या संख्येने कॉलेजात पोचल्या, आणि १९९८ या एकाच वर्षात दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सोरोरिटी निघाल्या: ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात कापा फाय गामा आणि न्यूयॉर्कमध्ये सिग्मा सिग्मा रो. दिवाळीत घरी जाता येत नाही, आईशी मराठीत आणि मैत्रिणीशी इंग्रजीत भांडता येतं, रात्री दोनला वरण-भाताची आठवण येते, हे तिथे समजावून सांगावं लागत नाही.

यांची पद्धत वेगळी असते. बाराच्या बारा हाउसेस फिरायच्या नसतात. सत्राच्या सुरुवातीला माहितीच्या सभा होतात, मग ओळखीचे कार्यक्रम, मुलाखत. बहुतेकींकडे मोठं घर नसतं, चॅप्टर लहान असतो, त्यामुळे फी कमी आणि प्रत्येकीच्या अंगावर काम जास्त. नव्या मुलींची एक ‘लाइन’ बनते, त्या काही आठवडे संघटनेचा इतिहास आणि एकमेकींना शिकतात, आणि शेवटी सगळ्यांसमोर त्यांचा कार्यक्रम होतो. ही रीत बरीचशी कृष्णवर्णीय सोरोरिटींकडून आलेली आहे. महाराष्ट्र मंडळाच्या ढोल-ताशा पथकात वाढलेल्या मुलींना तो सामूहिक ताल, ती सरावातली दमछाक आवडून जाते.

भारतातून थेट येणाऱ्या विद्यार्थिनींसाठी एक स्पष्ट करायला हवं. पदवीला आलेली मुलगी विद्यार्थी व्हिसावर असली तरी रश करू शकते. एम.एस.ला आलेल्या मुलीला मात्र एनपीसीचं दार बंद असतं. त्या सोरोरिटी पदवीच्या मुलींनाच घेतात.

पैसे, दारू आणि छळ

पैशाबद्दल मुलगी तुम्हाला एकच आकडा सांगेल, आणि तो कमी असेल. सत्राची फी, पहिल्या वर्षाचा प्रवेशखर्च, बिल्ल्याचे पैसे, घराच्या देखभालीचा निधी, जेवणाचा प्लॅन, कार्यक्रमांचे टी-शर्ट, आपल्या ‘लिटल’साठी (सोपवलेल्या धाकट्या मैत्रिणीसाठी) भेटवस्तू, सभा चुकवल्याचा दंड. लहान चॅप्टरमध्ये हे सत्राला काहीशे डॉलरमध्ये भागतं. दक्षिणेतल्या मोठ्या हाउसमध्ये सत्राला काही हजार डॉलर होतात. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षी हाउसमध्ये राहणं सक्तीचं असतं, मग अपार्टमेंटची लीज आधीच केली असेल तर दोन्हीकडचं भाडं. प्रत्येक हाउसची पूर्ण फी विद्यापीठाच्या पॅनहेलेनिक कार्यालयाकडे मागता येते. रशच्या आधी मागा.

दारूचा मामला विचित्र आहे. अमेरिकेत पिण्याचं वय २१, नवी मुलगी १८ची. एनपीसीच्या हाउसमध्ये दारूला मनाई असते, त्यामुळे पार्ट्या फ्रॅटर्निटीच्या घरी होतात. म्हणजे घर मुलांचं, दार मुलांच्या ताब्यात, ग्लासात काय आहे हेही मुलांच्या हातात. सोरोरिटीतल्या मुलींनीच ही गोष्ट वर्षानुवर्षं बोलून दाखवली आहे. कुणासोबत जायचं, कुणासोबत परत यायचं, आपला ग्लास कुणी भरायचा, हे मुलीशी नाव घेऊन, स्पष्ट बोलावं. लाजून चालणार नाही.

छळाला तिथे ‘हेझिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या रॅगिंगमध्ये नव्या विद्यार्थ्याला निवडीची संधीच नसते; हेझिंगमध्ये नवी मुलगी स्वतःहून आलेली असते आणि आत राहण्यासाठी सोसते, म्हणूनच ती घरी सांगत नाही. झोपू न देणं, रात्री-अपरात्री गाडी चालवायला बोलावणं, पाठांतर चुकलं की अपमान, पिण्याची सक्ती. पेन स्टेट विद्यापीठात २०१७मध्ये एका फ्रॅटर्निटीत दारू पाजून झालेल्या प्रकारात १९ वर्षांचा मुलगा गेला. हे फक्त जुन्या गोऱ्या संघटनांत होतं असंही समजू नका; २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा विद्यार्थी ज्या सहलीत मारहाणीने मेला, ती एका आशियाई-अमेरिकी फ्रॅटर्निटीची होती. डिसेंबर २०२४मध्ये ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ हा राष्ट्रीय कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांना हेझिंगचे प्रकार नोंदवावे लागतात आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करावी लागतात. मुलीने ज्या हाउसचं नाव घेतलं ते त्या यादीत आहे का, हे आता कुणालाही तपासता येतं.

बिड स्वीकारल्यावर मुलगी लगेच पूर्ण सदस्या होत नाही. सहा ते आठ आठवडे ती ‘नवी सदस्या’ असते. त्या काळात सभा, फीच्या पावत्या, ‘बिग’ म्हणून मिळालेली मोठी मैत्रीण, घरातली खरी भांडणं हे सगळं तिला दिसतं. मग इनिशिएशन होतं, गुप्त विधीने. त्याआधी ती बाहेर पडू शकते आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रयत्न करू शकते. एकदा इनिशिएशन झालं की एनपीसीच्या २६पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत तिला आयुष्यात जाता येत नाही, विद्यापीठ बदललं तरीही. इनिशिएशनची तारीख चॅप्टर आधी कळवतं. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्याच्या आठवडाभर आधी मुलीला फोन करून विचारा की तिथे तिला कुणाशी बोलावंसं वाटतं, किती झोप मिळते आणि आतापर्यंत किती पैसे गेले.